काजळीच्या बरगडीवरची लाल खूण

मागे भाच्याच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या पानावरचा पाहुणा बोलता बोलता माझीच गोष्ट मला सांगायला लागला... तो माणूस मीच, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या गोष्टीत मी मरणाच्या दारात होतो, माझे वडील अंगात येणारे देवऋषी होते आणि मेंढी म्हणे जागच्या जागी रक्त ओकून मेली. मी वाढलेला भात तसाच ठेवून उठलो. बायको विचारत राहिली काय झालं. तुमच्या सदरात असले अनुभव छापून येतात, म्हणून म्हटलं एकदा खरं काय ते लिहून टाकावं.

तर आधी एवढं ध्यानात घ्या. मी मरणाच्या दारात बिलकुल नव्हतो. माझी उजवी बाजू दुखत होती, बस्स. वडील साधे मेंढरं राखणारे होते, त्यांच्या अंगात कधी काही आलं नाही. आणि मेंढी मेली नाही. सगळी भानगड झाली ती मेंढी मेली नाही म्हणूनच.

आणखी एक. भुताखेतांवर, करणी-उताऱ्यावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. शाळेत असताना तिठ्यावरच्या उताऱ्यातला नारळ फोडून खाल्लेला माणूस आहे मी. मायनं त्यासाठी चांगलं बडवलं होतं, पण पोटसुद्धा दुखलं नाही. तेव्हा हे वाचून ‘खेड्यातली भोळी माणसं’ वगैरे पत्रं कोणी पाठवू नयेत.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या अलीकडे, माळावर. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मॅट्रिक झालेला आमच्या घरातला मी पहिलाच. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मी पूर्ण्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून म्हणून लागलो. अजून कायम झालो नव्हतो. त्यात कावीळ झाली. झाडपाला झाला, पथ्य झालं, डोळे पांढरे झाले, पण यकृताची सूज काही उतरेना. शेवटी रेल्वेच्या डॉक्टरनं मला हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथं माझी बायॉप्सी केली. हा शब्दही मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. उताणं निजवलं, उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावला, बरगडीखाली लाल औषध फासलं. डॉक्टर म्हणाले, “साँस छोडो... अब रोको.” मी श्वास रोखला आणि दोन बरगड्यांच्या मधून एक लांबलचक सुई आत गेली. यकृताचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला म्हणे. मग दिवसभर त्याच कुशीवर दाबून निजवून ठेवलं. रिपोर्टात भिण्यासारखं काही निघालं नाही. सूज हळूहळू उतरेल, तेलकट खाऊ नको, जा घरी. त्या दवाखान्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची.

कारण बाजू दुखायची थांबेना. ठणका नव्हे, आतल्या आत कोणी अंगठा दाबून धरावा तसं. खोल श्वास घेतला की दुखायचं, शिंकलं की डोळ्यांपुढं काजवे. हसायची तर चोरी. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे उजव्या खांद्याचं टोक दुखायचं. सुई टोचली बरगडीत आणि हात वर करताना खांद्यातून कळ! मी हे पूर्ण्याच्या रेल्वे डॉक्टरला सांगितलं तर तो माणूस हसला. म्हणाला, सुईची जखम कधीच भरली, आता दुखायला आत काही राहिलेलंच नाही. आणि खांदा दुखतो म्हणतोस, उद्या दातही दुखतील. कंपाउंडर फिस्सकन हसला. त्यानं ड्रेसिंग काढून पुन्हा लाल औषध फासलं आणि म्हणाला, “झालं तुझं ऑपरेशन.”

ऑफिसातले मोठे बाबू तर रोज विचारायचे, काय ज्ञानोबा, सुई अजून आतच राहिली का? मला सांगा, दुखतंय हे माणसानं कसं सिद्ध करायचं? फोड असता तर दाखवला असता, हाड मोडलं असतं तर लोकांनी हळहळ केली असती. आतलं दुखणं म्हणजे सरळ सरळ नाटक. खांद्याचं मी त्या दिवसापासून कोणालाच सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. हसं करून घ्यायची हौस नव्हती.

डॉक्टरनं मला आणखी काही दिवसांची रजा दिली आणि बजावलं, परत आलास की तपासणार. फिट ठरलास तर ड्यूटीवर, नाहीतर नाव कमी. पार्सल ऑफिसात नुसतं लिहायचं नसतं, गोणी-पेट्या सरकवायच्या असतात. मला तर भरली बादली उचलवत नव्हती. नोकरी गेली तर परत मेंढरांमागे, एवढाच त्याचा अर्थ होता आणि तो मला चांगला कळत होता.

गंगाखेडपर्यंत गाडीनं आणि पुढे बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत गावी आलो. दिवाळी झालेली होती. दरवर्षी या दिवसांत आमचा कळप माळ सोडून गंगेकाठाला उतरतो — गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. तिकडचे शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात. निघायची तयारी चालली होती. दुपारी मी मेंढवाड्यापाशी अंघोळीला बसलो, सदरा काढला आणि आबांनी — म्हणजे वडिलांनी — माझ्या बरगडीवरचा तो लाल डाग पाहिला.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेंढरांवर आम्ही गेरूनं खुणा करतो. आमच्या कळपाची खूण शेपटीजवळ, पाठीवर. पण उजव्या बरगडीवर गेरूचा पट्टा दिसला की समजायचं, हे मेंढरू खाटकाला दिलं, बाजारापर्यंत नुसतं आपल्यात चरायला ठेवलंय. ती खूण खाटीक स्वतः करतो. समजा नंतर घरच्याचं मन बदललं, ते मेंढरू द्यावंसं वाटेना, तर बदली देता येते. खूण धुवायची आणि त्याच हातानं दुसऱ्या मेंढरावर करायची. अट एकच, बदली त्याच तोलाची पाहिजे. रोगट, म्हातारं गळ्यात मारता येत नाही. आणि एकदा बदली दिली की ते मेंढरू आपलं नाही. त्याला नावानं हाक मारायची नाही, त्याचं औषधपाणी करायचं नाही.

आबा माझ्याजवळ आले. डागावर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

“हे कुणी केलं?”

“दवाखान्यात लावलंय, आबा. औषध हाय.”

“तुला दुखायलंय का तिथं?”

“दुखायलंय.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मी बायॉप्सी समजावून सांगायला लागलो, पण ते ऐकतच नव्हते. बादलीतलं पाणी घेऊन त्यांनी तो डाग चोळून धुतला. मी ओरडलो, दुखत होतं. मग ते ओल्या हातानंच कळपात शिरले आणि काजळीला धरून बाहेर आणलं. डोळ्यांभोवती काळं, म्हणून ती काजळी. कळपातली सगळ्यात देखणी मेंढी, नुकतीच व्यालेली, पोटाशी कोकरू. मायनं जिवापाड वाढवलेली. आबांनी गेरू कालवला आणि तिच्या उजव्या बरगडीवर बरोबर माझ्या डागाएवढा ठिपका काढला.

दवाखान्यातल्या औषधाला ह्यांनी खाटकाची खूण समजावं? जगात कुठल्याही बापाला असला घोळ सुचला नसता, फक्त मेंढरं राखणाऱ्याला सुचला! मी म्हणालो, बदली देता ती कोणाला? इथं खाटीक कोण आहे? आबा शांतपणे म्हणाले, “ज्यानं खूण केली, त्याला. नाव मला म्हाईत न्हाई अन्‌ तू बी इचारू नको.” मायनं डोळ्यांना पदर लावला. काजळीसाठी लावला की माझ्यासाठी, कोणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि चुलीच्या धुरानं सटकन शिंक आली. शिंकल्यावर मी दचकून बाजू धरली... आणि दुखलंच नाही. पुन्हा मुद्दाम खोल श्वास घेतला. काही नाही. हात वर केला, खांदा गप्प. आडावर गेलो, भरली घागर काढून घरी आणली. माय बघतच राहिली. मी तेव्हाही म्हणालो, आराम मिळाला, दगदग थांबली, बरं वाटलं. दुखणं कधीतरी थांबणारच होतं. मला हे पटलेलंही होतं. त्या दिवशी मी इतका हसलो, इतका बोललो की घसा बसला.

मग कळप हलवायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं आणि मलाही त्यांच्याबरोबर गंगाखेडपर्यंत चालत जाऊन पूर्ण्याची गाडी धरायची होती. संध्याकाळी उन्हं उतरताना मी मेंढवाड्याकडे गेलो तर सगळा कळप उभा आणि काजळी एकटी पडलेली. डाव्या कुशीवर. कोकरू ढुशा देत होतं आणि ती उठत नव्हती.

मी तिला उठवून उभी केली. दोन पावलं टाकली तिनं, उजवा पुढचा पाय उचलून धरत. काटा असेल म्हणून मी खूर पाहिला. खूर स्वच्छ, सांधा थंड, कुठं सूज नाही. मग हात वर खांद्यापर्यंत नेला आणि ती कळवळली. मी थांबलो. तिच्या श्वासाकडे पाहिलं. ती अर्धा श्वास घेत होती. छाती थोडी वर जायची, एका ठिकाणी अडायची आणि हळूच खाली यायची. कोकरानं उजवीकडून ढुशी दिली की अंग चोरायची.

वाचणाऱ्यांनो, तो श्वास मला ओळखीचा होता. त्या अडण्याची जागासुद्धा मला बोटानं दाखवता आली असती. मेंढराला पोटफुगी होते, खुरी येते, यकृतात किडे होतात, हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं आहे. हे त्यातलं काही नव्हतं. आणि खांदा! खांद्याचं मी घरात कोणालाच बोललो नव्हतो. आबांनी ठिपका काढला होता बरगडीवर.

मी आबांना बोलावून आणलं. ते लांबच उभे राहिले, तिच्याकडे बघेनात. मी म्हणालो, तिला बघा, ती चालू शकत नाही, उद्या काय करायचं? म्हणाले, ती आता आपली नाही, माळावरच राहील. ज्याची आहे तो नेईल. माळावर म्हणजे लांडग्यांना, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. कोकरू दुसऱ्या मेंढीला लावू, म्हणाले.

काय संताप आला म्हणून सांगू! आबांचा आला, त्या डॉक्टरचा आला, आणि ज्याचं नाव विचारायचं नाही त्याचा तर सगळ्यात जास्त. मला आठवडेच्या आठवडे ‘दुखत नाही’ म्हणून हिणवलं, आणि आता तेच दुखणं एका मुक्या जनावराच्या अंगावर चार पायांनी उभं होतं. तिला कोणी विचारलं होतं? मला तरी कोणी विचारलं होतं? मी बादली उचलली.

आबा तेव्हा पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला.

“ग्यानबा, धुवू नको. परत घेतलेलं पुन्ना देता येत न्हाई. दुसरी बदली नसती.”

“नसू द्या.”

“तुजी नौकरी जाईल.”

“जाऊ द्या. हिनं माझं काय घोडं मारलंय?”

“मी माझं लेकरू सोडवायलोय,” आबा म्हणाले, “अन्‌ तू मेंढरू सोडवायलास.”

मी हात सोडवून घेतला. आजही तो हात सोडवून घेतलेला मला मनगटावर कळतो. गेरू सहज निघत नाही, लोकरीत बसतो. मी ओंजळीनं पाणी घालून चोळत राहिलो, लाल पाणी माझ्या पायांवरून वाहत होतं. काजळी अंग चोरत होती. शेवटचा लाल ओघळ गेला आणि मी पुन्हा पाणी घ्यायला वाकलो... आणि तसाच खाली बसलो. बरगडीखाली तो अंगठा पुन्हा टेकला होता. मग खांद्यात कळ आली. श्वास अडला, त्याच ठिकाणी.

काजळी उठली. अंग झाडलं, माझ्या अंगावर सगळे शिंतोडे उडवले आणि कोकराला घेऊन कळपात गेली. चारी पायांवर. आबा तिथून निघून गेले. पहाटे कळप निघाला तेव्हा ती सगळ्यात पुढे चालत होती आणि मी सगळ्यात मागे, बाजू धरून.

पूर्ण्याला डॉक्टरसमोर उभा राहिलो. खोटं बोलायचं नाही असं वाटेतच ठरवलं होतं, कारण डोकं अजून तापलेलंच होतं. त्यानं बरगडीखाली दाबलं, विचारलं, दुखतं? म्हटलं, दुखतं. खोल श्वास घे. म्हटलं, अडतो. खांदा? म्हटलं, खांदाही दुखतो, दात मात्र ठीक आहेत. तो खो खो हसला. म्हणाला, अरे, तुझ्या आत काही नाहीये, सगळं डोक्यात आहे, कामाला लाग म्हणजे जाईल. आणि फिट म्हणून सही ठोकली.

बघा आता. मी शब्दन्‌शब्द खरा सांगितला, त्यातला एकही त्याला खरा वाटला नाही, आणि म्हणून माझी नोकरी राहिली! मी आभार मानायचे की त्याच्या टेबलावर मूठ आपटायची, हे मला अजून कळलेलं नाही. आभार मानले नाहीत एवढं खरं. मोठ्या बाबूंनी पेढे मागितले तेही दिले नाहीत. पेट्या मात्र सरकवल्या, डाव्या अंगानं, दात खाऊन.

पहिल्या सुट्टीला गंगेकाठाला गेलो. कळप एका शेतकऱ्याच्या रानात बसला होता. नोकरी राहिली हे आबांना सांगायचं होतं आणि त्यांच्यापुढं जायची हिंमतही होत नव्हती. माय कडकडून भेटली. आबा समोरून आले, जवळ येऊन थांबले. नोकरीचं विचारलं नाही, दुखतंय का हेही विचारलं नाही. माझ्या उजव्या हातातली पिशवी काढून घेतली आणि चालायला लागले. पुढे ते होते तोवर, मी गावी गेलो की दरवेळी हेच. उजव्या हातात काही असलं की काढून घ्यायचे.

लोकांनी मला खूप समजावलंय. मेंढीला झटका बसला असेल, तुमच्या मनावर परिणाम झाला असेल, योगायोग. एका शिकलेल्या जावयानं सांगितलं की यकृताचं दुखणं उजव्या खांद्यात उतरतं हे पुस्तकात लिहिलेलं आहे. असेल. मला आनंद आहे. हे त्या डॉक्टरनं तेव्हा वाचलं असतं तर बरं झालं असतं. पण मेंढीच्या खांद्यात माझं दुखणं कुठल्या वाटेनं उतरलं, ते जावईबापूंच्या पुस्तकात नाही. मी शोधून थकलो, मला उत्तर मिळालेलं नाही आणि आता मिळेल असं वाटतही नाही.

थंडी पडली की बाजू अजून धरते. माझं दुखणं माझ्या एका शब्दावर खरं मानणारा जगात एकच माणूस होता, आणि त्यानं स्वतःची सगळ्यात चांगली मेंढी देऊन आणलेला इलाज मी त्याच्या डोळ्यांसमोर धुऊन काढला. वेळ आली तर पुन्हा तेच करीन, त्यात मला शंका नाही. पण ज्यानं ती बदली मुकाट्यानं घेतली आणि मुकाट्यानं परत केली, बाप एकीकडे आणि मुकं जनावर एकीकडे असं मला उभं केलं, तो जो कोणी असेल त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. बाजू दुखते तेव्हा जरा जास्तच येतो.